पत्नीस ऐकू न येण्याबाबत

जबाब देणार : भाईदास झुलाल बोरसे, वय ५९ वर्षे, धंदा शेती (केळी), राहणार पिंप्री शिवार, ता. चोपडा, जि. जळगाव.

आज दि. ५ जून रोजी सकाळी ११.१० वाजता ठाण्यात कोणी न बोलावता स्वतः हजर होऊन खरे ते सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी पुष्पाबाई, वय ५४, व मुलगा स्वप्नील यांच्यासह राहतो. मुलगी नूतन धुळ्यास दिलेली आहे. माझ्यावर आजवर कोठेही गुन्हा नाही. घरात भांडण नाही. भांडायला समोरच्याने बोलावे लागते. हे शेवटचे वाक्य लिहू नका असे मी म्हणालो, परंतु जबाब घेणाऱ्या हवालदार दिपमाला मॅडम म्हणाल्या की तोंडातून निघाले ते लिहिले जाते.

माझी तक्रार चोपडा येथील मोबाईल दुकानदार जिनेश हीरालाल छाजेड यांच्याविरुद्ध आहे. त्यांनी मला कानाला अडकवायचे बिनवायरचे यंत्र विकून माझी फसवणूक केली.

त्याचे असे की, फेब्रुवारी अखेरपासून पत्नी मोबाईलची वायर कानात खुपसून बसू लागली. कीर्तन ऐकते म्हणे. कान बुजलेले असल्याने तिला माझी हाक ऐकू येत नसे. पूर्वी एका हाकेला ओ देणारी बाई. छत्तीस वर्षांत मला दुसरी हाक मारावी लागली नाही, गावात कोणालाही विचारा. आता चहा मागा, टॉवेल मागा, पालथ्या घड्यावर पाणी. समोर जाऊन विचारले तर वायर काढायची, "माले ऐकू उनं नही" म्हणायची आणि परत घालायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साऱ्या लेकी माहेरी जातात. मी स्वतःहून तिला पिंपळनेरला भावाकडे जा म्हणालो. तेही तिला ऐकू आले नाही.

मी नूतनला फोनवर सांगितले. ती म्हणाली, आबा, आता उघड्या कानाचे येतात, भोकात घालायचे नसतात, चिमट्यासारखे कानाच्या कडेला अडकवायचे. आईला कीर्तनही ऐकू येईल आणि तुमची हाकही. मला पटले. मी कोणाचे सहसा पटवून घेत नाही, पण हे घेतले.

दि. १४ मे रोजी दुपारी १२ च्या सुमारास मी पत्नीला घेऊन सदर दुकानी गेलो. जिनेशने तीन प्रकार दाखवले. पहिल्याचा आकडा कानामागून यायचा, तो तिच्या चष्म्याच्या काडीवर चढत होता. दुसरा जड होता. कुड्यांनी पाळी आधीच ओघळलेली, त्यात हे वजन कशाला. तिसरा हलका, मधला भाग रबरासारखा वाकणारा, तो मी पसंत केला. जिनेशचे वडील हीरालालशेठ, वय ७८, तसाच एक कानावर लावून गादीवर प्रवचन ऐकत बसले होते आणि त्याच वेळी गिऱ्हाइकाला चार्जर कोणत्या खणात आहे ते सांगत होते. जिनेशची पत्नी चेलना हिने माझ्या पत्नीला यंत्र लावून दिले. कुडीला धक्का न लागता मधल्या कडेवर बसवायचे, बारीक तोंड भोकाकडे वळवायचे, आत दाबायचे नाही, असे तिने समजावले. भजन सुरू केले. मग मागे जाऊन हळूच विचारले, काकू, चहा घेणार का? पत्नी म्हणाली, बिनसाखरेचा. हे मी माझ्या कानांनी ऐकले. खात्री करूनच माल घेतला, डोळे मिटून नाही.

दि. १५ मे, सकाळी ६.१० वाजता मी ओट्यावरून हाक मारली. ओ नाही. ६.१५ ला मारली. नाही. ६.२० ला स्वयंपाकघरात गेलो. यंत्र दोन्ही कानांवर व्यवस्थित होते, भोके मोकळी होती, मी वाकून पाहिले. ती म्हणाली, "माले ऐकू उनं नही." म्हणजे दुकानात चालते आणि घरी आणले की बंद पडते. ही फसवणूक नाही तर काय?

त्यानंतर मी रोज निरीक्षण ठेवले. कुकरची तिसरी शिट्टी तिला परसातून ऐकू येते. शेजारच्या ताईबाईने भिंतीआडून कुजबुजत विरजण मागितले, ते ऐकू आले. गोठ्यातले वासरू हंबरले की ती उठते. स्वप्नीलने गच्चीवरून "आई" म्हटले तरी ओ देते. यावरून माझी अशी खात्री झाली की सदर यंत्र फक्त माझा आवाज अडवते. स्वप्नीलला हे सांगितल्यावर तो म्हणाला, आबा, मग ते फारच भारी मशीन आहे. तो हसला. मी हसलो नाही.

दि. २८ मे व २ जून रोजी मी दुकानी जाऊन तक्रार केली. जिनेश म्हणाला, काका, मशीनला माणूस कळत नाही, काकूंना घेऊन या. म्हणजे माल याचा खराब आणि तपासणी माझ्या बायकोची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मला पैसे परत नकोत. तिला ऐकू आले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. घरात दिवसभर स्वतःचाच आवाज ऐकून माणसाला कसे होते ते मॅडमना सांगून कळणार नाही.

मॅडमनी फोन करून जिनेशला बोलावले. तो वडिलांसह आला. पत्नीला मी सोबत आणलेले असून ती दाराबाहेर बाकावर बसली होती. मॅडमनी तिच्याकडून यंत्र व ते चार्ज करायची डबी मागून घेतली, यंत्र स्वतःच्या कानाला लावले. आवाज आला नाही. मी जिनेशकडे पाहिले. त्याने डबी उघडली, तिचा दिवा लागला नाही. मी पुरावा म्हणून आणलेल्या खोक्यातली चार्जिंगची वायर अजून तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ न सोडलेली निघाली. जिनेश म्हणाला की आतली बॅटरी पहिले चार-पाच दिवस पुरली असेल, त्यानंतर काकूंच्या कानावर नुसते प्लास्टिक आहे. हीरालालशेठ मला म्हणाले, भाऊ, पाणी घ्या. मी पाणी घेतले.

मॅडमनी विचारले की हे ऐकू न येणे नक्की कधीपासून. मी सांगितले, ती पिंपळनेरहून तेरावे करून आली तेव्हापासून. तेरावे कोणाचे, असे विचारल्यावर सांगतो की, माझ्या सासूबाई दि. १२ फेब्रुवारी रोजी वारल्या. त्या सकाळी मेहुणा पुना याने फोन केला होता, परंतु तो ट्रॅक्टरच्या आवाजात मला ऐकू आला नाही. तसे मी पत्नीला त्याच दिवशी सांगितलेले आहे. त्याचा या यंत्राशी काही संबंध नाही.

मॅडमनी पत्नीला आत बोलावून विचारले, काकू, तुम्हाला ऐकू येतं का? ती म्हणाली, "बठ्ठं ऐकू येस माले," म्हणजे सगळे. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुनाना फोन यासनी उचला व्हता. तेराव्याले त्यानी माले मोबाईलम्हा दखाडं. एक मिनिट चाळीस सेकंद." एवढे बोलून ती बाहेर जाऊन बसली. तेरावे होऊन साडेतीन महिने झाले. तिला हे माहीत आहे हे मला आज, या खुर्चीत कळले.

दुरुस्ती : वर "ऐकू आला नाही" असे मी सांगितले ते खोटे आहे. फोन मी उचलला होता. पुना म्हणाला, "दाजी, माय अक्कानं नाव ली ऱ्हायनी, अक्काले लगेच धाडा." अक्का म्हणजे माझी पत्नी. मी बरं म्हणालो. बाग कापणीला होती, ट्रक उभा होता, अकरा मजुरांच्या भाकरी तिला टाकायच्या होत्या. मला वाटले म्हातारी माणसे अशी चार दिवस काढतात, संध्याकाळी सांगू. सासूबाई दुपारी दोन वाजताच गेल्या. पत्नी पोहोचली तेव्हा माती होऊन गेली होती. तिच्या तोंडाकडे बघून मला खरे सांगवले नाही. मला भीती वाटली. आजही ट्रकचे कारण सांगायला मी आलो असतो तर मॅडमनी ते लिहून घेतले असते, पण ते कारण पुरे पडत नाही हे मला समजते.

जिनेश छाजेड यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. यंत्रात दोष नाही.

यानंतर मॅडमनी जबाब मोठ्याने वाचला. दार उघडे होते. दुरुस्ती आल्यावर मी हळू वाचा म्हणालो, त्यांनी आवाज कमी केला नाही. पत्नी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, फोनचे तेवढे वाक्य परत वाचा. मॅडमनी वाचले. पत्नी म्हणाली, "आखो एक डाव." मॅडमनी वाचले. मी पत्नीला घरी चलतेस का असे विचारले. ती म्हणाली, "पहिले पिंपळनेरले." तेराव्यानंतर तिने मला दिलेले हे पहिले सरळ उत्तर आहे. मी गाडी काढतो म्हणालो.

सबब, हा जबाब मला एकदा वाचून दाखवला, व त्यातील "फोन मी उचलला होता" हे वाक्य पत्नीच्या सांगण्यावरून तीनदा. तिन्ही वेळा आम्ही दोघांनी ते ऐकले. ते खरे आहे.