लाल कौलांचं घरकुल

मंडळी, सरकून बसा. मागे उभ्या असलेल्यांना जागा द्या. खांबाला टेकलेल्या आजोबांना मात्र उठवू नका — पूर्वरंगातच त्यांची समाधी लागली आहे!

आता ऐका. एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई नको.

समजा, तुमच्या हातून एक चूक झाली. मुद्दाम नव्हे — नकळत. त्या चुकीनं कुणाच्या तरी घरात दुखणं शिरलं. पण हे जगात कुणालाच ठाऊक नाही! ज्याच्या घरी दुखणं आहे, त्यालाही नाही. उलट तो तुमच्या दारात येतो, हात जोडतो, आणि तुमचे आभार मानतो! बोला — काय कराल? तोंड उघडाल? की तो नमस्कार घ्याल आणि गप्प बसाल?

पुढच्या रांगेतून आवाज आला — "सांगून टाकू!" वा! देवळात बसलं की सगळेच सांगून टाकतात. परीक्षा देवळात होत नाही हो. परीक्षा दुकानाच्या गल्ल्यावर होते, कारखान्याच्या ओसरीवर होते. अशाच एका ओसरीवर तुम्हाला घेऊन जातो.

कुडाळच्या बाजूला भिकाजी मेस्त्री नावाचा एक सुतार. हात असा, की लाकडानं स्वतःहून म्हणावं — मला घडव! दारं केली, पाळणे केले, देवाची पालखी केली. पण जीव रमला तो खेळण्यात. झालं काय, त्याची मुलगी मालिनी लहान होती. बापाच्या पायाशी बसायची आणि तासून पडलेले तुकडे एकावर एक रचायची. रचलं की पडायचं. पडलं की रडायची. बापानं एक दिवस तुकड्यांना भोकं पाडली, खुंट्या बसवल्या. तुकडा तुकड्यात रुतला — आणि घर उभं राहिलं! पोर टाळ्या पिटत नाचली.

त्या टाळ्यांतून कारखाना जन्माला आला, मंडळी! नाव ठेवलं 'घरकुल'. पेटीत खांब, तुळया, कमानी, खिडक्या आणि वर घालायला लाल कौलं. मुलांनी घर बांधावं, मोडावं, पूल करावा, देऊळ करावं. भिकाजी घडवायचा आणि धाकटा भाऊ जगन्नाथ विकायचा. एकाचा हात, दुसऱ्याची जीभ! जगन्नाथ इतका गोड बोलायचा, की मूल नसलेला माणूसही पेटी घेऊन जायचा आणि घरी गेल्यावर विचारात पडायचा — आता लग्न करायला हवं!

रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगाव, पुणे — पेट्या जाऊ लागल्या. वाडीतली दहाबारा घरं या कारखान्यावर जेवू लागली. नवं मोठं दालन बांधून झालं. भिकाजीची बायको इंदिरा रोज संध्याकाळी त्या दालनात दिवा दाखवायची. भावाभावांत वितुष्ट नाही, जावाजावांत — बरं, थोडं असेल! पण चूल एक होती.

आणि सगळ्यात जास्त वाहवा कशाची, सांगू? लाल कौलांची. काय तो रंग! नुकत्याच भाजलेल्या कौलासारखा. भिकाजी लाखेत शेंदूर कालवायचा. त्याच्या गुरूनं शिकवलेलं — शेंदूर घातला की रंग उजळतो, वर्षानुवर्षं विटत नाही. शेंदूर! मारुतीरायाच्या अंगावरचा. पवित्र वस्तू. त्यात खोट कुणाला दिसणार?

(तबलजी, जरा हात आवरा. आता गोष्ट वळते आहे.)

एके दिवशी सकाळी कारखान्याच्या ओसरीवर एक बाई आल्या. शशिकलाबाई हेर्लेकर, कोल्हापूरच्या शाळामास्तरीण. एसटीनं आल्या होत्या, पायांवर धूळ. भिकाजीनं पाट दिला, इंदिरेनं चहा आणला. बाई म्हणाल्या, "घरकुल करणारे मेस्त्री तुम्हीच ना? तुम्हाला नमस्कार करायला आले."

भिकाजी लाजला. "आमका कसलो नमस्कार, बाई?"

"माझा मुलगा आहे, उमेश. पाचवं लागलंय. वर्षभर आजारी आहे. पोटात कळ येते, अन्न जात नाही, चेहरा पांढराफटक पडलाय. आणि... बोलायचा हो छान. आता एकेक शब्द विसरत चाललाय. परवा मला हाक मारताना अडखळला."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"डॉक्टर म्हणतात, पोटात कुठून तरी विष जातंय. पण कुठून, ते सापडत नाही. पाणी बदललं. भांड्यांची कल्हई नको म्हणून नवी भांडी आणली. भिंती खरवडल्या. काही उपयोग नाही. पण एवढ्या दुखण्यात त्याला सुख कशाचं असेल, तर तुमच्या घरकुलाचं! दिवसभर उशाशी घेऊन असतो. म्हणून म्हटलं, ज्यांनी माझ्या लेकराला एवढा विसावा दिला, त्यांचे पाय एकदा बघावेत."

आणि बाईंनी पिशवीतून रुमाल काढला. रुमालाच्या घडीत एक लाकडी कौल. कोपरे दातांनी झिजलेले. रंग चाटून चाटून गेलेला. खालचं पांढरं लाकूड दिसतंय.

"हे त्याचं लाडकं. तोंडात धरल्याशिवाय झोपत नाही. याचा रंग गेला म्हणून रुसलाय. एवढं एक नवं लाल कौल द्याल का?"

मंडळी... भिकाजीनं ते कौल हातात घेतलं.

आमच्या गाणाऱ्यांच्या जगात एक भीती पूर्वीपासून आहे. पानातून शेंदूर खायला घातला, की गळा जातो, असं म्हणतात. भिकाजीचा मामा दशावतारात गायचा. बहरात होता. एका जत्रेत त्याचा आवाज बसला, तो पुन्हा उठलाच नाही. लोक म्हणाले, कुणीतरी शेंदूर चारला. खरं-खोटं देव जाणे. पण कुजबुजत बोलणारा, वाळत गेलेला तो मामा भिकाजीनं डोळ्यांनी पाहिला होता. शेंदूर पोटात जाऊ नये, हे त्याला ठाऊक होतं! फक्त एक गोष्ट मनात आली नव्हती — की मूल खेळणं तोंडात घालतं.

अरे, मूल तोंडात काय घालत नाही? पण माहीत असलेल्या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्या नव्हत्या. त्या आता भेटल्या. त्या झिजलेल्या कौलावर भेटल्या!

आतल्या दारात जगन्नाथ उभा होता. त्यानंही सगळं ऐकलं होतं. हुशार माणूस, भावाच्या चेहऱ्यावरून ओळखलं. बाईंच्या पाठीमागून त्यानं ओठांवर बोट ठेवलं. डोळ्यांनी विनवलं — दादा, नको!

का नको? ऐका, जगन्नाथ काही राक्षस नव्हे. त्याला दिसत होती ती दहाबारा घरं. दिसत होतं दादाचं नाव. त्याला वाटलं — गुपचूप रंग बदलू. बाईंना म्हणू, हे जुनं कौल टाकून द्या, मूल बरं होईल, झालं! सांगायची गरज काय? मोह कसा येतो पाहा! तलवार घेऊन येत नाही. शहाणपणाचं उपरणं घेऊन येतो.

बोलण्याविण लपे दोष ।
परी लपेना तो मनास ।
आत जळे जैसे तूस ।
धूर न दिसे बाहेरी ॥

भिकाजीनं कौल पाटावर ठेवलं. हात जोडले आणि म्हणाला —

"बाई, नमस्कार परत घ्या. ज्या विषाचा तुम्ही शोध घेताय, ते याच्यावर आहे. या लाल रंगात शेंदूर आहे. तो मीच घातला. तुमच्या लेकराच्या तोंडात तो माझ्या हातानं गेला. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांगा — शेंदूर गेलाय. काही लपवू नका. माझं नाव सांगा."

बाई बघतच राहिल्या. आधी शब्द कळले नाहीत. मग कळले. चहाचा कप हातातून कलंडला. उठल्या. एक अक्षर बोलल्या नाहीत — शिवी नाही, शाप नाही. पायऱ्या उतरल्या आणि एसटीच्या रस्त्याला लागल्या. इंदिरा मागे धावली, "बाई, थांबा, पाणी तरी..." त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

मारलं असतं तर बरं झालं असतं, असं भिकाजी पुढं म्हणायचा.

त्या दुपारी घरात वादळ झालं. जगन्नाथ कडाडला, "दादा, तुका येड लागला काय? आता लोक आपणाक खुनी म्हणतीत!"

"म्हणूदेत."

"एका पोराक झाला, म्हणान सगळ्यांक होता काय? नवीन माल बिनशेंदराचो कर. गेलो तो गेलो. गप रव!"

भिकाजी म्हणाला, "जगन्नाथा, त्या बाईचो पोर खंयचो, ता तरी माका कळला. बाकीची पोरां खंय आसत, ता माका म्हायती नाय. माका गप रवाक जमाचा नाय."

कळलं ना? या पोराचं घर तरी सापडलं. इतर पोरं कुठल्या घरात ते कौल चघळत बसली असतील? तो एक प्रश्न त्याला बसू देईना.

जगन्नाथ वेगळा झाला. बायकामुलं घेऊन पुण्याला गेला. तुम्ही मनात म्हणत असाल — बुवा आता भावांची गळाभेट घडवणार! नाही हो. गोष्ट घडली तशी सांगतो. जगन्नाथ परत आला नाही.

भिकाजी मात्र बाहेर पडला, तरुण मालिनीला बरोबर घेऊन. वर्तमानपत्रात जाहिरात दिली — "घरकुलची लाल कौलं मुलांना देऊ नका, विषारी आहेत, परत करा." स्वतःच्या मालाविरुद्ध स्वतःची जाहिरात! लोक हसले. बापलेक दुकानोदुकानी फिरले. एक दुकानदार म्हणाला, "मेस्त्री, आमच्या गिऱ्हाइकाची तक्रार नाही, तुम्ही कशाला उकरून काढता? ठेवा इथं, हळूहळू संपवतो." भिकाजीनं पेट्या उचलल्या. इतर दुकानदारांनी गिऱ्हाइकांचे पत्ते दिले, त्या त्या घरी गेला. कुणी पेटी दिली. कुणी दार लावलं. एका घरात आईनं पेटी दिली आणि मूल रडत मागे लागलं. त्या मुलाच्या हातातून खेळणं काढून घेताना, ज्यानं ते मुलांसाठीच घडवलं त्या माणसाला काय वाटलं असेल? मला सांगता येत नाही. तुम्हीच आठवा आपापली लेकरं.

पेट्या आल्या. पण करायचं काय त्यांचं? जाळाव्या तर विषारी धूर. पुराव्या तर शेजारी विहीर. शेवटी त्या नव्या दालनात रचल्या, जिथं इंदिरा दिवा लावायची. जमिनीपासून आढ्यापर्यंत. आणि गवंडी बोलावून दार चिऱ्यांनी बंद केलं. पहिला चिरा भिकाजीनं ठेवला. कारागीर अंगणात उभे होते. त्यांना तो म्हणाला, "माझ्या चुकीपायी तुमची चूल विझली. दुसरीकडं काम मिळालं तर जा. मी अडवत नाही." काही गेले. काही तिथंच बसून राहिले.

अशी वर्षं गेली. भिकाजी पुन्हा दारं-खिडक्या करू लागला. आणि मग एक दिवस मालिनी म्हणाली, "बाबा, रंग लावायचाच कशाला?"

"म्हणजे?"

"फणसाचं लाकूड पिवळं आहे. खैराचं तांबूस. शिसवीचं काळं. शिवणीचं पांढरं. देवानं रंग लावूनच झाडं धाडलीत. आपण नुसतं घासू या."

भिकाजीनं मुलीकडं पाहिलं. मग उठला आणि फणसाची एक फळी घेऊन कामाला लागला. मालिनीनं कारखाना चालवला. थोडा माल, साधा माल. पूर्वीचं वैभव आलं नाही. पण प्रत्येक नग ती स्वतःच्या तोंडाला लावून पाहायची, मगच पेटीत टाकायची.

आणि उमेश? विचारलं नाहीत अजून! विष कळलं — शेंदरातलं शिसं — तसा डॉक्टरांना उपाय सापडला. मुलगा वाचला. बोलू लागला. पण शाळेत मागे राहिला. वाचताना ओळ सुटायची, ती आयुष्यभर सुटत राहिली. भिकाजी कोल्हापूरला गेला होता त्यांच्या घरी. बाईंनी दार उघडलं, ओळखलं आणि दार लावून घेतलं. तो उंबऱ्याला हात लावून परतला. पुन्हा गेला नाही. म्हणाला, "माझ्या मनाच्या शांतीसाठी त्या बाईला किती वेळा दार उघडायला लावू?"

भिकाजी गेला तेव्हा तेराव्याला अंगणात एक पांढऱ्या केसांची बाई येऊन उभी राहिली. शशिकलाबाई! त्या सकाळी ओसरीवर पाहिलेल्या बाई मालिनीनं ओळखल्या, पाया पडायला वाकली. बाईंनी तिला धरलं आणि म्हणाल्या —

"तुझ्या वडिलांमुळं माझा मुलगा आजारी पडला. आणि तुझ्या वडिलांमुळंच तो वाचला. त्या दिवशी ते गप्प बसले असते, तर मी नवं लाल कौल घेऊन घरी गेले असते, माझ्याच हातानं त्याला दिलं असतं. मी त्यांना क्षमा केली की नाही, मला अजून कळत नाही, पोरी. पण मुलाला मी सांगितलंय — आयुष्यात एक खरा माणूस बघितला, तो आपल्या दुखण्याचं कारण होता."

एवढं बोलून बाई पंक्तीला बसल्या. त्या घरातलं जेवल्या.

मंडळी, पेटी थांबवा, टाळ थांबवा. आता तुमच्याकडे वळतो.

इथं कुणी भाजी पिकवणारा असेल. काल फवारणी केली, आज बाजारात नेली, आणि गिऱ्हाईक म्हणालं, काय हिरवीगार भाजी हो! कुणी दूध घालणारा असेल. कुणी गुरुजी असतील. एखादं पोर आपल्या एका शब्दानं शाळेतून उठलं, आणि त्याचा बाप अजून वाटेत भेटला की नमस्कार करतो. कुणी सासू असेल, कुणी भाऊ असेल. नकळत झालं, मान्य! भगवंत नकळत झाल्याचा जाब विचारत नाही. पण कळल्यानंतरही जो नमस्कार आपण घेतो ना, खाली मान घालून, गोड हसून — तो नमस्कार मात्र चोरीचा!

त्या दारात जा. क्षमा मिळेल, असं वचन हा बुवा देत नाही. दार तोंडावर लागेल कदाचित. भाऊ तुटेल. पण तुमच्या गप्प बसण्यानं कुणाचं तरी लेकरू या क्षणी विष चघळत असेल, तर नुसतं नाम घेऊन काय उपयोग? आधी तोंड त्या कामी उघडा. मग नामासाठी उघडा — ते तुमच्या तोंडात शोभेल.

घ्या टाळ हातात. आणि ज्याला आत्ता कुणाचं तरी नाव आठवलं असेल, त्यानं गजर सुरू व्हायच्या आधी उठून गेलं, तरी देवाला राग येणार नाही.