पाठीवरचा डबा

तुम्हाला चहाबरोबर माझीच अब्रू लागते का रे? बरं, ऐका, पण मधे हसायचं नाही.

पंच्याऐंशीच्या सुमारास माझी सुमी अडीच वर्षांची होती. बायकोने तिला मुलुंडला पोहायच्या तलावावर घातली. तिथली बाई तीन रविवार पोरीला नुसती काठ धरायला आणि पाण्यात फुंकर मारायला शिकवत होती.

मी म्हटलं, "बाई, आमच्या गावाला पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलतात. पोर एका दिवसात पोहतं."

"ती पोरं मोठी असतात हो. हिला पाण्यात मान वर धरता येत नाही अजून."

मला राग आला. कालची पोरगी मला शिकवते! पुढच्या रविवारी बाईची पाठ वळली तशी माझ्या मेव्हण्याने, वसंताने, सुमीच्या पाठीला तेलाचा डबा बांधला आणि मी तिला पाण्यात सोडली. डबा झकास तरंगला.

"बघा, तरंगली!" म्हणत मी टाळ्या वाजवल्या. डबा वर होता आणि पोरीचं तोंड पाण्याखाली होतं, हे मला दिसलंच नाही.

बाईने कपड्यांसकट उडी मारली. सुमी खोकली, रडली आणि बाईच्या गळ्याला बिलगली. मी हात पुढे केले, तर माझ्याकडे येईना.

"कुणी बांधला हा डबा?" बाई ओरडली.

वसंता म्हणाला, "मी नको म्हणत होतो, भावोजी ऐकतच नाहीत."

डबा बांधणारा तोच, पण सोडणारा मी. टाळ्या तर माझ्याच होत्या ना. बाईची माफी मागितली, बायकोची मागितली, सुमी कळती झाल्यावर तिचीही मागितली. माझी तेवढी अजून मागितली नाही, त्या वसंताने.