भिंत कोपऱ्यात मऊ आली

व्हिडिओतून लेन्सचे निकाल देणाऱ्या तज्ज्ञहो, हे तुमचं पाप आहे. कॅमेऱ्याच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे काठी टेकलेले एक बाबा आणि त्यांचा कमावता मुलगा उभे होते. ऐकलं तसं लिहितो.

“लेन्स निवडायला एवढा वेळ लागतो?”

“बाबा, तुमच्यासोबत फिरायला जाताना एकच न्यायची, हलकी, बिनझूमची. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने माणूस जवळ येतो, पस्तीसच्या लेन्समध्ये आजूबाजूचंही मावतं.”

“मग पस्तीसची घे आणि एक पाऊल पुढे हो.”

“तज्ज्ञ म्हणतात, ते वेगळं.”

“का, तज्ज्ञांचेही गुडघे गेलेत?”

“मी दोन्हींनी आपल्या भिंतीचे फोटो काढून बघितले.”

“कशी आली भिंत?”

“कोपऱ्यात जरा मऊ, धूसर.”

“अरेरे! गवंड्याला बोलवू का?”

“थट्टा नका करू हो.”

“पस्तीसची आणलीस तेव्हा मी टेकडी चढत होतो. ती परत केलीस. पन्नासची आणलीस तेव्हा काठी आली. तीही परत. आता?”

“आता चाळीसची बघू म्हणतो.”

“बघ, बघ. चाकाच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला कोणती शोभेल, तेही विचारून ठेव. पुन्हा रांग नको.”

“काहीतरीच काय बोलता!”

“बरं, माझे फोटो किती काढलेस आजवर?”

“आधी लेन्स तर ठरू द्या.”

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, “बोला, कोणती देऊ?”

“थांबा हं, एक व्हिडिओ बघून सांगतो.”

व्हिडिओ तुमचाच होता. बाबा काठी टेकत निघाले. तज्ज्ञहो, कोणती घ्यायची ते त्याला सांगा, आणि लवकर सांगा. बाबा दारापर्यंत पोचलेत.