टेकडीवरची अँटिना

नव्वदच्या आसपासची ती दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढे तरंगते. पनवेलच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी डोंगरातल्या वाडीवरचं एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या मांडीवर नवा लोखंडी पाईप होता.

“आता अँटिना या पायपाला घट्ट बांधा. मंग टेकडीवर ती हातात धरून बसाया नको,” बायको म्हणाली.

“हं.”

“वर्गणीचा टीव्ही सगल्या वाडीनं बगितला, तुमी तेवढा नाय. आता माझ्या शेजारी बसा.”

“वर बरं वाटतं गं. खाली निळा उजेड दिसतो, तुमचं हसनं वाऱ्यावर येतं.”

“आनि वरच्या गारठ्यानं खोकला होतो त्यो?”

“चित्र हाललं का तू अंगनातनं वरडतेस, ‘बुधाऽऽ, डावीकडं!’”

“मंग? ‘अवो’ म्हटलेलं तितं पोचतं का?”

“लगीन झाल्यापासनं एरवी कंदी घेतलंस माजं नाव?”

“नवऱ्याचं नाव? जीभ झडंल! टीव्हीसाठी घेते म्हनून देव माफ करतो.”

“पाईप बसला का त्ये बी बंद.”

त्यांची गाडी लागली, तसं तिनं पाईपाचं एक टोक उचललं.

“पाईप बसवा. पन अँटिना जरा सैलच बांधा.”