एकट्याची सीट

मामा: वेल्डिंग बरं आहे. तुझंच ना?

भाची: माझंच. बरं म्हणजे किती बरं?

मामा: बरं म्हणजे बरं. बोट फिरवलं तर जोड कळत नाही, डोळ्यांना कळतो. आणखी थोडी कानस मारली असतीस तर डोळ्यांनाही कळला नसता. गाडीचा मागचा दांडा बराच कापलास की.

भाची: कापावाच लागतो. कॅफे रेसर करायची तर मागे लांब शेपूट चालत नाही. एकाच माणसाची सीट, मागे छोटं कुबड, संपली गाडी.

मामा: कॅफे रेसर. हॉटेलाचं नाव वाटतं.

भाची: तसंच काहीसं आहे. पूर्वी म्हणे पोरं एका कॅफेतून निघायची आणि दुसऱ्या कॅफेपर्यंत शर्यत लावायची. त्यासाठी गाडीवरचं सगळं जास्तीचं ओझं उतरवायचं. मोठे मडगार्ड काढायचे, जड सीट काढायची, हँडल खाली घ्यायचं, पाय ठेवायची जागा मागे न्यायची.

मामा: चहा प्यायला एवढी घाई. गाडी मात्र जुनी निवडलीस हं. इंजिन माझ्या गाडीचंच दिसतंय.

भाची: त्याच कंपनीची आहे. त्याच काळातली.

मामा: गिऱ्हाईक तरणंताठं असणार.

भाची: नाही रे, वय झालंय त्याचं. म्हणून तर हँडल घ्यायला हवं तेवढं खाली नाही घेतलं. कंबर धरली तर माझ्या नावाने खडे फोडत बसेल.

मामा: शहाणी आहेस. मग मला कशाला बोलावलंस? फोनवर म्हणालीस, एक जोड बघून जा.

भाची: तो खालचा. वाक जरा. इंजिनाखालून आरपार गेलाय तो दांडा.

मामा: कुठला, हा? थांब, चष्मा लावू दे. अगं, हा दांडा माझ्या लेथवरचा आहे.

भाची: हो.

मामा: तू म्हणाली होतीस पंपाचा आहे. बागेला पाणी देणाऱ्या पंपाचा. मी विचारलंही तुला, पंपाच्या दांड्याला दोन्ही टोकांना दात कशाला पाडायचे. तर म्हणालीस, गिऱ्हाईक विचित्र आहे.

भाची: तेवढं खोटं नव्हतं.

मामा: मग इथे काय करतोय हा?

भाची: सांगते. या जुन्या गाड्यांचा गिअर उजव्या पायाला असतो. आणि या गिऱ्हाइकाच्या उजव्या घोट्यात स्टीलची पट्टी बसवलीय, घोटा वळत नाही. गिअर खाली दाबता येतो, पण बोटांनी वर उचलायला गेलं की अडतं. म्हणून या दांड्यावरून गिअर आरपार डावीकडे नेला आणि ब्रेक उजवीकडे आणला. ब्रेक नुसता दाबायचा असतो. त्याला घोटा लागत नाही, अख्खा पाय टाकला तरी चालतो.

मामा: टाकीच्या खाली हा पोचा आहे.

भाची: तो मी मुद्दाम काढला नाही.

मामा: ही माझी गाडी आहे.

भाची: हो, मामा.

मामा: माझी गाडी घरी शेडमध्ये आहे. ताडपत्रीखाली. काल संध्याकाळी मी तिथून शिडी काढली, तेव्हा होती.

भाची: ताडपत्री होती. खाली जुनी खाट उभी केलीय आणि तिच्यावर दोन टायर. हँडलच्या जागी आडवी काठी बांधलीय. सगळं मामीने केलं. मी तिला म्हटलं, मामा दुसऱ्या दिवशी ओळखेल. ती म्हणाली, ते ताडपत्री उचलणारच नाहीत, लाव पैज. गाडी अशी होत आली तरी तू उचलली नाहीस. हरले मी.

मामा: कापण्याआधी मला विचारावंसं वाटलं नाही तुला? कंपनीतून आली तशी होती ती. एक नट बदलला नव्हता मी. लोक वाट वाकडी करून बघायला यायचे.

भाची: विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास.

मामा: त्यासाठीच तर विचारतात माणसं.

भाची: बरोबर आहे तुझं. मीही मामीला हेच म्हणाले. तू डोळे तपासायला गेला होतास ना, त्या दिवशी ती टेम्पो घेऊन आली. ड्रायव्हरच्या शेजारी बसून, पदर खोचून. मला वाटलं, विकायला काढली. आत आली, या स्टुलावर बसली, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, हिची मागची सीट कापून टाक. मी हात जोडले. म्हटलं, अशी गाडी शोधूनही सापडत नाही, मूळ रूपातच हिची शान. तर म्हणाली, मूळ रूपात ती गंजतेय, शान कसली. मग मी तुझ्या घोट्याचं काढलं. म्हटलं, कापूनही काय उपयोग, मामाला गिअर टाकता येत नाही. त्यावर म्हणाली, घोट्याचं तू बघ, ते तुझं काम. सीटचं माझ्याकडे.

मामा: सीटचं काय तिच्याकडे?

भाची: ते तिलाच विचार. मागच्या खोलीत बसलीय. मामी, ये बाहेर.

मामी: आले. भिंतीआडून ऐकून कान दुखले माझे.

मामा: तू टेम्पोत बसून आलीस.

मामी: मग काय ढकलत आणायची होती? केवढं धूड ते. आता हलकी झालीय म्हणे.

मामा: एवढं सगळं केलंत दोघींनी, आणि मला पत्ता नाही.

मामी: सांगून काय झालं असतं? घोटा. घरात कुणीही आलं, गाडीचा विषय निघाला, की तुम्ही पाय पुढे करून दाखवायचात. शिडीवर चढताना तो घोटा आड येत नाही. लेथपुढे दिवसभर उभे राहता, तेव्हा येत नाही.

मामा: गिअरला वळत नाही तो. खोटं बोलत नाही मी.

मामी: खोटं नाही, अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी सांगू?

मामा: पोरीसमोर नको.

मामी: पोर कसली, हातात ग्राइंडर घेऊन उभी आहे. ऐक गं. आम्ही पडलो तेव्हा तू शाळेत होतीस. वळणावर कुणाच्या तरी ट्रकमधून तेल सांडलं होतं, गाडी घसरली. यांचा पाय तिच्याखाली अडकला आणि मी लांब जाऊन पडले. खांद्याजवळचं हाड मोडलं, शुद्ध हरपली. हे अडकल्या जागेवरून मला हाका मारत होते म्हणे. मी कुठली ऐकतेय. दवाखान्यात डोळे उघडले तर हे पलीकडच्या खाटेवर, पायाला वजन बांधलेलं. माझ्याकडे बघून म्हणाले, आता नाही. मी विचारलं, काय नाही? तर तोंड फिरवलं. पुढे माझं हाड सांधलं, मी भांडी उचलायला लागले. यांनी गाडी आणली, एवढा एक पोचा सोडून सगळी सरळ केली आणि वर ताडपत्री टाकली.

मामा: तू ओ देत नव्हतीस.

मामी: माहीत आहे मला.

मामा: नाही माहीत. तुला कसं असेल? मी पाय ओढत होतो, हाका मारत होतो, आणि तू ओ देत नव्हतीस.

मामी: बरं. नाही माहीत.

भाची: मामी, पाणी आणू?

मामी: नको, बस तू. अहो, इकडे बघा. तेव्हा नाही दिली ओ, पण त्यानंतर रोज देतेय. चष्मा कुठे, किल्ली कुठे, मीठ का कमी, सगळ्याला देतेय. तरी तुमचं मन त्या वळणावरून उठायला तयार नाही. मी पुष्कळ विचार केला. गाडीवर बसायचं म्हटलं की तुम्हाला मागची सीट आठवते, आणि सीट आठवली की त्यावर मी. मी बसणार नाही, तुम्ही एकटे जा, असंही म्हणून पाहिलं होतं. तुम्ही म्हणालात, आज नाही बसणार, उद्या बसशील. तर आता ती सीटच ठेवली नाही. मी हट्ट धरला तरी मला बसता येणार नाही.

मामा: आणि बसावंसं वाटलं तर?

मामी: वाटेल की. मला आवडायचं बसायला, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त, तुम्ही एकटेच चक्कर मारून घरी यायचात ते आवडायचं. दारातून शीळ घालत शिरायचात. जेवायला बसलात तरी चालूच. सासूबाई रागवायच्या. ताडपत्री टाकलीत त्या दिवसापासून घर कसं गप्प झालंय. मला ते नको झालंय आता.

मामा: पायाला सवय उजवीकडच्या गिअरची आहे. घाईत ब्रेक समजून गिअर दाबला जाईल.

भाची: म्हणून आधी स्टँडवरच बस. हं, असा. पाय मागे, अजून मागे. गुडघे टाकीच्या खाचेत. आता डावा पाय, पहिला खाली, बाकीचे वर. आणि उजवा फक्त ब्रेक.

मामा: दांडा खेळतोय थोडा.

भाची: तुझाच आहे तो.

मामा: मग दांडा नाही खेळत. तो ज्यात बसतो ते तुझं बुश सैल आहे.

भाची: दे, घट्ट करते.

मामा: राहू दे, तुझा हात पोचायचा नाही तिथे. पाना दे इकडे. हं. आता हलव बरं तिकडून.

भाची: नाही हलत.

मामा: हलायला नकोच. किक कशी मारायची? घोटा आहे ना असा.

भाची: टाचेने. वजन टाकून, एका दमात.

मामी: दार पूर्ण उघड गं. यांना वळायला जागा लागते, पहिल्यापासून.

(गाडी सुरू होते. आवाज दारातून बाहेर पडतो आणि रस्त्याने दूर जाऊ लागतो.)

मामी: दुसरा टाकला.

भाची: तुला कसं कळलं?

मामी: मागे बसून समोर काय दिसतं? यांची पाठ. सगळं कानानेच ओळखायला शिकले मी. आता बघ, ब्रेकऐवजी गिअर दाबला.

भाची: बंद पडली?

मामी: नाही, सावरली. तिसरा.

भाची: मामी, तो त्याच वळणाकडे चाललाय.

मामी: रस्ता ठाऊक आहे त्यांना.

भाची: तुला भीती नाही वाटत?

मामी: वाटते की. माझी मी सांभाळीन. त्यांना द्यायची नाही एवढंच.

भाची: आवाज थांबला.

मामी: थांबू दे.

भाची: मी स्कूटर काढते.

मामी: अजिबात नाही. कोपरापर्यंत ग्रीस माखलंय, ते धू आधी. साबण आहे का संपला?

भाची: मामी, बराच वेळ झाला.

मामी: होऊ दे. गडी गेलाय बऱ्याच वर्षांनी, लागेल की वेळ. हं, घे. किक लागली बघ.

भाची: आली. दिसला मामा. काय ऐटीत वळला बघ.

मामा: ब्रेक जरा मागे ओढतोय.

भाची: बघते लगेच.

मामा: आज नको. उद्या सकाळी येतो, दोघं मिळून बघू. टाकीवर काळ्या रंगाची एक बारीक रेघही हवी. त्याशिवाय नागडी दिसते.

मामी: मध्येच थांबला होतात.

मामा: वळणावर. गाडी बंद केली, उतरलो, उभा राहिलो जरा. एक सायकलवाला थांबला. म्हणाला, काका, पेट्रोल संपलं का? म्हटलं, नाही रे, बघतोय. तोही माझ्याबरोबर थोडा वेळ बघत राहिला, कशाकडे ते त्याला कळलं नाही. मग गेला.

मामी: आणि तुम्ही?

मामा: मी काय, किक मारली. पहिल्याच दणक्याला लागली.

भाची: लागणारच.

मामा: हात मात्र अजून थरथरताहेत.

मामी: जुनं इंजिन आहे. कुणाचेही थरथरतील.