अंगणातला समुद्र

हसू नका, पण येळ्ळूरला आमच्या अंगणात वर्षभर समुद्र होता. एका जेट्टीसाठी सिमेंट कमी आणि कारखान्याची राख जास्त घातलेले ठोकळे किती वर्षं टिकतील, ते मी तपासत होतो. निकाल लवकर कळावा म्हणून पिंपातल्या पाण्यात सढळ हातानं मीठ टाकून ते बुडवलेले. आमच्या आप्पांनी जन्मात समुद्र बघितला नव्हता. संध्याकाळचं आभाळ पिंपात उतरलं, की ते चहा घेऊन तिथं बसायचे.

“आप्पा, काय बघताय?”

“लाट येती काय बघतोय रं.”

ठोकळे टिकले, जेट्टी झाली. मग आप्पांना कारवारकडं घेऊन गेलतो. ते जेट्टीच्या खालच्या पायरीपर्यंत उतरले. मग वाकून ओंजळभर पाणी चाखलं.

“कसा वाटला समुद्र?”

“मोठा हाय. पण आपल्याएवढा खारट न्हाय.”