कॉलऱ्याच्या दारावरचा डहाळा

सात रस्त्याच्या नाक्यावर करकंबच्या मोटारीची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक सिस्टर आणि त्यांच्या हाताखालची शिकाऊ नर्स.

"केरा, कॉलऱ्याच्या घराला कडुलिंबाचा डहाळा कुणी बांधला?"

"मी बांधला, सिस्टर."

"तो देवी आलेल्या घराला बांधतात. लोकांना आपण हेच शिकवायचं का?"

"तुमची 'आत येऊ नये'ची पाटी तीन दिस हुती की दारावर. वाचाया कुणाला येतंय? समदी गल्ली आत जाऊन पाणी पिऊन आली."

"आणि आता?"

"डहाळा बघून उंबरा कुणी वलांडंना."

"परीक्षेत मी तुला नापास करीन."

"करा की. पर मोटारीत माज्या गाठोड्यावर बसू नगा. करकंबच्या चार घरांना बांधायचे डहाळे हायत त्यात."